कुरण, गायरान आणि गवताची विविधता : चाकण–चिंचवड परिसरातील चराईचा इतिहास

पवना आणि भामा ह्या नद्यांच्या दरम्यान घोरावडेश्वर, भंडारा, भामचंद्र इत्यादी डोंगर उभे आहेत. पावसाळ्यात हिरवे असणारे हे डोंगर मार्गशीर्षापासून वाळलेल्या गवताने पिवळे दिसतात, वृक्ष तुरळकच. एके काळी येथे दाट अरण्य होते व ते कुऱ्हाडीने आणि जनावरांच्या चराईने नाहीसे झाले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती कोठून आली आणि कितपत टिकते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. ह्या डोंगरांवर झाडे लावावीत की गवत राखावे, ह्याचा निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

ह्या समजुतीचे एक मूळ ह्याच परिसरात सापडते. दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांची १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. वृक्षतोडीमुळे झरे आटतात, असा इशारा त्यांनी सरकारला दिला होता. सह्याद्रीच्या पावसाळी उतारांपुरती ही चिंता रास्तच होती. परंतु पुढे वनखात्याची दृष्टी इमारती लाकडावर खिळली आणि जेथे वृक्ष नाहीत तेथे अरण्याचा नाश झाला असलाच पाहिजे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून साठ-सत्तर किलोमीटरांवरील पुण्यास सुमारे सातशे. एका प्रदेशाचे माप दुसऱ्यास लावणे युक्त नव्हते.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील व लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील पर्जन्यछायेची माळराने निदान साडेसातशे वर्षांपासून उघडी, गवताळ व काटेरी झाडांची आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा पुरावा चाकणपुरता गोळा केलेला नाही. तथापि तेथील माळ मूळचा अरण्याचाच होता असे पुराव्यावाचून म्हणणे आता कठीण झाले आहे.

चराईची व्यवस्थाही पुष्कळ जुनी आहे. मराठेशाहीत घोडदळाच्या वैरणीसाठी सरकारी कुरणे राखीत. पावसाळ्यात तेथे जनावरांस मज्जाव असे आणि गवत तयार झाल्यावर कापणी होई. त्यासाठी रयतेस वेठीस धरले जाई, हेही विसरून चालणार नाही. हटकर धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणाकडे उतरत आणि वाटेत शेतात मेंढरे बसवून खत देत. इंग्रजी अमलात १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन नेमून देण्याची तरतूद केली. ती १९६६ च्या महाराष्ट्राच्या संहितेतही कायम राहिली. ह्या निरनिराळ्या व्यवस्थांचे रहस्य काळाच्या नियमनात होते. जेथे बी गळून पडेपर्यंत गवतास उसंत मिळे, तेथे पुढच्या वर्षीची उगवण निर्धास्त होई.

वनस्पतिशास्त्राची साक्षही ह्यास अनुकूल आहे. दबडघाव व शंकरनारायण ह्यांनी १९७३ मध्ये भारतीय गवताळ आच्छादनाचे वर्गीकरण केले. त्यांनी दाखविल्याप्रमाणे अतिचराईमुळे शेडा, मारवेल ही पौष्टिक बहुवर्षायू गवते हटतात, त्यांची जागा कुसळी घेते आणि अखेर निकृष्ट वर्षायू गवते उरतात. ह्याच्या उलट, चराई समूळ थांबविल्यास एखादेच जोमदार गवत माजून लहान वनस्पतींचा प्रकाश अडवू शकते. भरतपूरच्या पाणथळ अभयारण्यात १९८२ मध्ये चराई बंद केल्यावर गवत इतके माजले की पक्ष्यांनाच त्याची बाधा झाली, असे मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या दीर्घ अभ्यासात आढळले. पाणथळ आणि डोंगर ह्यांत भेद आहे खरा. परंतु चराईची बंदी म्हणजेच संरक्षण नव्हे, हा बोध दोहोंस लागू पडतो.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडचे माळ कारखान्यांखाली जाऊ लागले. १९९९ मध्ये चाकणला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि ही लाट उत्तरेकडे सरकली. चराईचे क्षेत्र आकसले, की उरलेल्या गुरांचा भार उरलेल्या उतारांवर पडतो आणि तोही बी धरण्याच्या ऐन हंगामात. दुसरीकडे, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर चर खणून ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे लावण्यात आली. सरकारी दप्तरात असे माळ पुष्कळदा ‘पडीक’ ठरतात. मात्र भारतीय सवानांखेरीज अन्यत्र न आढळणाऱ्या २०६ वनस्पतींची नोंद २०२२ मधील एका संशोधनाने केली आहे.

सारांश, चराई असावी की नसावी, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणती जनावरे, किती आणि कोणत्या महिन्यात, असे विचारावयास हवे. त्याचे उत्तर देण्यासाठी पेशवे दप्तरातील कुरणांचे कागद, गावोगावच्या गायरानांच्या नोंदी आणि डोंगरावरील प्रत्यक्ष गवत ही तिन्ही साधने एकत्र अभ्यासली पाहिजेत. पहिली दोन दप्तरखान्यात सुरक्षित आहेत. तिसऱ्याविषयी तसे म्हणता येत नाही; म्हणून कामाचा आरंभ तेथूनच व्हावा.