एक नक्षी, अनेक माग

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी नावारूपास आणलेली सोलापुरी चादर आपल्या घरोघरी आहे. पण नक्षी मागाला कोण सांगते, हे क्वचितच कोणी विचारतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्ड याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढविली. छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो. एकच नक्षी दहा मागांवर हवी, तर माळेच्या दहा नकला! मूळ माळेतली चूक सुधारली आणि एखादी नक्कल तशीच राहिली, की तो माग जुनीच चूक विणीत राहणार.

संगणकाच्या आज्ञावलींचेही तसेच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी एक दोष काढला, पण ती फाईल नव्याने संकलित झालीच नाही. अख्खी सकाळ ते निर्दोष आज्ञावलीत दोष शोधीत बसले. त्यावरून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ रचले. काय कशावर अवलंबून आहे, याची यादी त्यास द्यावयाची. मूळ फाईल तयार मालाहून नवी दिसली, की तेवढेच ते पुन्हा घडविते. यादी खरी असेल, तर एका सामाईक फाईलीतली दुरुस्ती तिच्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीपर्यंत पोचते.

मागावर मात्र ही आठवण विणकरालाच ठेवावी लागे.