झाडीतला चुकलेला नेम

अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान आणि रान पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना लागून आहेत. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या, त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांध्या, आणि शेवटच्या धुऱ्यापाशी सुरू होणारे जंगल. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते तो नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय याच तालुक्यात आहे. रानडुकरे लोंबीवर आलेल्या धानात उतरतात, चितळ-सांबर पाण्यावर येतात आणि त्यांच्या मागे बिबट व वाघ येतात. अशा मुलखात बंदूक दोन वाटांनी शिरली. एक जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याची, दुसरी हाका घालून मचाणावर बसणाऱ्या शिकाऱ्याची. शिकाऱ्यांच्या बंदुकीचा इतिहास आजवर मारलेल्या जनावरांच्या हिशेबाने लिहिला गेला. मला तो चुकलेल्या गोळीच्या बाजूने वाचावासा वाटतो. जुन्या मध्य प्रांतातल्या या जंगलांत हलक्या रायफलीने नेम सोडला, तेव्हा दोष नळीला दिला गेला. पुरावा मात्र वेगळे सांगतो. दोष बहुतेक वेळा लाकडात, हवेत, काडतुसात आणि कायद्यात होता, आणि तो शोधायला लागणारी चार काडतुसे आधी कुणी खर्च केली नाहीत, म्हणून त्याची किंमत जनावराने आणि पुढे कधी कधी माणसानेही मोजली.

या प्रश्नावर विचार करणारा पहिला महत्त्वाचा माणूस मध्य प्रांतातलाच अधिकारी निघावा, हे विशेष. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव पचमढीमुळे आणि १८७१ साली निघालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तकामुळे परिचित आहे. पण त्याआधी, १८६३ साली, त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हिंदुस्थानच्या जंगलात जनावर जवळच्या टप्प्यात दिसते, अंतराचा अंदाज घ्यायला वेळ मिळत नाही, आणि चूक होते ती याच अंदाजात. म्हणून गोळी गोल असावी, दारू भरपूर असावी आणि नळीतला पीळ मंद असावा, म्हणजे गोळी जवळपास सरळ रेषेत जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी फरक पडत नाही. त्याने सुचवलेला पीळ १०४ इंचांत एक फेरा इतका मंद होता. पुढच्या काळातल्या .३०३ रायफलीत तोच फेरा १० इंचांत पुरा होतो. फोर्सिथची गोल गोळी लवकरच मागे पडली, पण त्याची विचार करण्याची रीत पडायला नको होती. बंदूक कारखान्यात कशी चालते हे न विचारता ती या रानात, या माणसाच्या हातात कशी चालते, असे त्याने विचारले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली आणि रायफल हलकी झाली. सहा-सात किलोंच्या जड बंदुकांऐवजी साडेतीन किलोंच्या आतबाहेरची, बारीक नळीची रायफल खांद्यावर आली. चम्पावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळाली ती रिग्बी कंपनीची .२७५ रायफल याच जातीची. तीच कथा नीट वाचली तर आणखी एक गोष्ट हाती लागते. ४३६ माणसांचे बळी जिच्या नावावर नोंदले गेले, त्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. ती जुन्या बंदुकीच्या गोळीची जखम होती, आणि तिच्यामुळेच वाघिणीला नेहमीचे भक्ष्य मारता येईना, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. कुणाची तरी एक गोळी काही बोटे बाजूला गेली होती.

काही बोटे बाजूला जायला बंदुकीत किती बिघाड लागतो, याचा हिशेब घालून पाहावा. रायफलीची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी यांत साधारण अर्ध्या मीटरचे अंतर धरा. माशी तिच्या खोबणीत एक मिलिमीटर सरकली, म्हणजे नखाच्या जाडीहून थोडी जास्त, तर शंभर मीटरवर गोळी २० सेंटिमीटर बाजूला पडते. पन्नास मीटरवर १० सेंटिमीटर. चितळाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेवणाच्या लहान ताटलीएवढा असतो. ताटलीच्या मध्यावर धरलेला नेम शंभर मीटरवर ताटलीच्या बाहेर जातो आणि गोळी पोटात किंवा खांद्यात बसते. जनावर पडत नाही, पळते. बैलगाडीच्या धक्क्यांत किंवा हाक्याच्या धांदलीत बंदूक दगडावर आपटली, तर एवढे सरकणे सहज घडू शकते, आणि डोळ्यांना ते दिसत नाही.

लाकडाचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. पूर्व विदर्भात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. विलायतेतल्या अक्रोडाचा दस्ता या हवेत दर वर्षी फुगतो आणि आकसतो. ली-एनफील्ड पद्धतीच्या रायफलीत हा त्रास जास्त, कारण तिचे लाकूड दोन तुकड्यांचे असते आणि पुढच्या तुकड्याची बैठक धातूला घट्ट भिडलेली असेल तरच धक्का दर वेळी सारखा बसतो. उन्हाळ्यात लाकूड आकसले की स्क्रू सैल होतात आणि गोळ्या विखुरतात. पावसाळ्यात ते फुगून नळीला एका बाजूने रेटते आणि सगळ्या गोळ्या एकाच दिशेने सरकतात. जाड नळी हा रेटा सोसते, हलक्या रायफलीची बारीक नळी वाकते. नळी खराब असल्याचा समज इथूनच पसरला असावा. परिणाम नळीच्या तोंडाशी दिसतो, कारण मात्र लाकडात असते.

काडतुसांनाही हवा बाधत असे. कॉर्डाइट दारू तापली की नळीतला दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत दोन्ही नळ्यांचा नेम जुळवलेली दुनळी रायफल आपल्या वैशाखात वेगळी चाले, म्हणून तिथल्या कारखानदारांना उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसे काढावी लागली. शिवाय त्या काळच्या टोपीतल्या मसाल्यामुळे नळीत मिठासारखा क्षार उरे. तो हवेतली ओल ओढून घेई आणि तेलाने निघत नसे. त्यासाठी नळीतून उकळते पाणी ओतावे लागे. पाणी न ओतता नुसते तेल फिरवलेल्या बंदुकीचे पीळ गंजत. तेव्हा मात्र दोष खरोखरच नळीत यायचा, पण तोही हयगयीने आणलेला.

एवढे जाणकार शिकारी होते तर त्यांनी हे तपासले का नाही? इथे कायदा येतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याने बांधली, आणि गोऱ्यांना दीर्घकाळ सवलत राहिली. १९०७ साली सरकारने लष्करी बोअरच्या रायफली खाजगी वापरातून हटवल्या. चोरीच्या लष्करी बंदुकांना बाजारातले काडतूस मिळू नये, हा हेतू. त्यामुळे सर्वांत स्वस्त आणि मुबलक .३०३ काडतूस शिकाऱ्याला बंद झाले आणि .३१५ सारखे बोअर पुढे आले. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने हीच .३१५ रायफल ली-एनफील्डच्या धर्तीवर बनवली. रायफल मिळाली तरी काडतुसे मोजून मिळत. ज्याच्या परवान्यावर वर्षाची मोजकीच काडतुसे, तो त्यातली दहा कागदावर कशी उडवणार? तो प्रत्येक काडतूस जनावरासाठी राखून ठेवी, म्हणजे नेमाची पहिली चाचणी जनावराच्या अंगावरच होई.

यावर कुणी म्हणेल, साहेबांना आणि जमीनदारांना काडतुसांची काय ददात होती? ददात नव्हती हे खरे. पण तळ पडल्यावर चाचणीचा बार उडवला तर रान उठते आणि हाका वाया जातो, हे त्यांनाही ठाऊक होते. शिकार ब्लॉकचा परवाना ठरावीक दिवसांचा असे. म्हणून लंडनमध्ये नेम जुळवलेली रायफल आगगाडी आणि बैलगाडीचा प्रवास करून तशीच मचाणावर चढे. शिकारीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत जखमी जनावराचा माग काढण्याच्या हकिकती इतक्या जागोजागी येतात, की ती पुस्तके या चुकीची कबुलीच आहेत असे मी मानतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जंगलात गोळी पन्नास-साठ मीटरांवरून झाडली जाते, तिथे इतक्या बारकाव्याची गरज काय? फोर्सिथचाही आधार घेता येईल. पण त्याने अंतराच्या अंदाजाची चूक झाकली होती, माशी सरकल्याची नव्हे. आणि मचाणावरचा नेम संध्याकाळच्या अंधुक उजेडात, पानांच्या फटीतून धरलेला असतो. माणसाची स्वतःची चूकच तिथे हातभर असते. बंदुकीने तिच्यात आणखी दहा सेंटिमीटरची भर घालू नये, म्हणूनच बारकावा लागतो.

जखमी जनावरांचे खापर गावकऱ्यांच्या भरमार बंदुकीवर फोडण्याचीही रीत आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. ठासणीच्या गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पण जागलीचा शेतकरी ते ओळखून होता. तो डुकराला अगदी जवळ येऊ देई, बहुधा नुसत्या आवाजाने त्याला पळवून लावी. शंभर मीटरचा भरवसा रायफल देत होती, आणि जिने भरवसा दिला तिलाच जाब विचारावा लागतो.

तपासणीची रीत त्या काळीही अवघड नव्हती. भरलेल्या पोत्यावर बंदूक टेकवून तीन गोळ्या झाडायच्या आणि नळी पूर्ण निवल्यावर पुढची. तिन्ही एका जागी पण नेमापासून दूर पडल्या तर दोष माशीत किंवा खाचेत. विखुरल्या तर आधी स्क्रू, मग लाकडाची बैठक, मग काडतुसांची पेटी बदलून पाहायची. घाईने पाच बार काढणाऱ्याची बारीक नळी तापते, शेवटची गोळी भरकटते, आणि तो त्या गोळीवरून माशी ठोकतो. चांगली बंदूक अशी बिघडते. शिकारीत मोल असते थंड नळीच्या पहिल्या गोळीला. आणि माणूस तपासायचा तर दुसऱ्याने त्याला न सांगता भरलेल्या काडतुसांत एक रिकामे सरकवायचे. चाप ओढताच नळी खाली डुचकली, तर खांदा आधीच धक्क्याला भ्यालेला असतो. हलकी रायफल जोराने लाथ मारते, त्यामुळे हे भय तिच्याच वाट्याला अधिक येते.

शिकारीचे ते युग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवले. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. अशा स्थलांतरासाठी वाघाला बेशुद्ध करणाऱ्या डार्ट बंदुकीचा नेमही अंतर आणि दाब जुळवूनच धरावा लागतो. तिथे चुकीची जागा म्हणजे पुन्हा जखमच.

या इतिहासाचा एक पुरावा अजून कपाटांत पडून असेल. परवान्याच्या जुन्या पुस्तिकांत किती काडतुसे घेतली याच्या तारीखवार नोंदी असत, आणि कित्येक घरांत शिकारीच्या वह्या असत. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर एका जनावरामागे किती गोळ्या गेल्या, हे गावागणिक कळू शकेल. अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध, साकोली, देवरी या भागांत ज्यांच्या घरी अशी कागदपत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. वाळवी लागण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला निदान त्यांची छायाचित्रे तरी काढू द्यावीत.