"ताई, उद्यापासून याला पाठवू नका"

परवा पंचायत समितीच्या आवारात एक आई भेटली. मुलगा तिसरीत. वर्गात ओरडतो, वह्या फेकतो, शेजारच्या पोराला चावतो. शाळेतून निरोप आला, "ताई, उद्यापासून याला पाठवू नका." लेखी काही नाही, सगळं तोंडी. तिने एवढंच विचारलं, "दादा, असं सांगता येतं का हो त्यांना?"

घरी येऊन वाचत बसलो. हाच प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी कोर्टात गेला होता. ती गोष्ट आपल्या गावात सांगण्यासारखी आहे.

साल १९७१, वॉशिंग्टन शहर. पीटर मिल्स, वय १२, इयत्ता चौथी. 'वागणुकीची समस्या' असा शेरा मारून शाळेने त्याला बाहेर काढलं. पीटरसह सात कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने शिक्षण मंडळावर दावा झाला. मंडळाचं उत्तर आपल्याला ओळखीचं वाटेल : पैसे नाहीत. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा, की पैसे कमी असतील तर जे आहेत ते सगळ्यांत नीट वाटा, टंचाईचा जास्तीचा भार याच मुलांवर टाकू नका. १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा अमेरिकाभर लागू करणारं विधेयक मंजूर झालं. १९८८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बजावलं, की अपंगत्वातून येणाऱ्या वागणुकीसाठी शाळेला आपल्या मर्जीने मुलाला बेमुदत घरी बसवता येणार नाही.

म्हणजे मूल वर्गात राहिलं. पण निकाल लागला म्हणून चावणं थोडंच थांबतं? बाईंनी वर्गात करायचं काय?

इथे दुसरी गोष्ट सुरू होते, आणि तिची सुरुवात काही गोड नाही. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञाने स्वमग्न मुलांवर थपडा आणि विजेचे झटकेसुद्धा वापरले. प्रश्न एकच होता, हे थांबवायचं कसं. मूल असं का करतं, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न नीट विचारला ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी, १९८२ मध्ये. स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांना त्यांनी वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिलं. एकटं असताना, खेळताना, काम सांगितल्यावर, कुणी लक्ष दिल्यावर. बहुतेकांमध्ये एक नमुना सापडला. कुणाला लक्ष हवं होतं, कुणाला अवघड कामातून सुटका. बाहेरून वागणं एकसारखं, आतलं कारण वेगळं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड या दोघांनी पुढचं पाऊल टाकलं. चार मुलांना त्यांनी मदत मागायला आणि कौतुक मागून घ्यायला शिकवलं. शब्द मिळाले तसा त्रागा कमी झाला.

१९९७ मध्ये हा विचार अमेरिकेच्या कायद्यात आला. अशा मुलावर मोठी शिस्तीची कारवाई होत असेल, तर वागण्यामागचं कारण तपासणं आणि त्यावर योजना करणं शाळांवर आलं. हे काम जाणणारा माणूस म्हणजे वर्तनतज्ज्ञ. तो वर्गात मागे बसतो आणि तीन गोष्टी लिहितो : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. आठ-दहा नोंदींनंतर कळू लागतं, की पोरगं रोज गणिताच्या तासालाच चावतंय. मग त्याला 'थांबा' किंवा 'मदत हवी' असं कार्ड दाखवायला शिकवतात, गणित छोट्या तुकड्यांत देतात, आणि हे सगळं बाईंनाही शिकवतात.

आता आपल्याकडे या. कायद्यात आपण मागे नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कलम १७ प्रमाणे मारता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नताही आली. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सांगितलं. २०२४ मध्ये आपल्या राज्याने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. पाऊल चांगलंच आहे. पण हिशेब करा. एका केंद्रात दहा-बारा शाळा. तो शिक्षक आज इथे, उद्या तिथे. वर्गात मागे बसून नोंदी करायला त्याला वेळ कधी मिळणार?

मला त्या शाळेच्या गुरुजींना दोष द्यायचा नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, वरून ऑनलाइन माहिती भरायची. चावणाऱ्या मुलाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. पण "पाठवू नका" हा त्यावर उपाय नाही. तो बेकायदा आहे, आणि त्याची शिक्षा घरी बसलेल्या आईला होते. तिची मजुरी बुडते.

त्या ताईंना मी सांगितलं, निरोप लेखी मागा. लेखी द्यायला कुणी धजावणार नाही.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा. आपल्या केंद्राला विशेष शिक्षक आहे का? महिन्यातून किती वेळा आपल्या शाळेत येतो? जे उत्तर मिळेल ते इथे कमेंटमध्ये टाका. शाळेचं नाव लिहा, मुलाचं लिहू नका. तालुक्याची यादी करून बीईओ साहेबांकडे मी स्वतः घेऊन जातो.