टॅग : चाहत्यांच्या कथांमधील अलिखित करार

कादंबरी संपते, मालिका बंद पडते. पात्रे मात्र चाहत्यांच्या मनातून जात नाहीत. मग हे चाहतेच त्या पात्रांच्या नव्या कथा रचतात आणि एकमेकांना विनामूल्य वाचायला देतात. या लेखनाला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. अमेरिकेत १९६७ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले, तेव्हापासून ही परंपरा रुजत गेली.

नको त्या कथांचे काय करायचे, हा प्रश्नही तितकाच जुना. ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ने २००२ मध्ये केवळ प्रौढांसाठीच्या कथांवर बंदी घातली. २००९ मध्ये खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाने दुसरा मार्ग धरला : कथा काढायची नाही, पण तिच्यात काय आहे ते आधी सांगायचे. हे सांगण्याचे साधन म्हणजे टॅग. आज तेथे एक कोटीहून अधिक कथा आहेत.

इशारा आणि मौन

भीषण हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध या चार बाबींचा इशारा तेथे ठरलेला आहे. पण मृत्यू आधीच जाहीर केला तर कथेतील रहस्य उरत नाही, ही लेखकाची अडचण. त्यासाठी ‘इशारा न देण्याचे ठरवले आहे’ असा पर्याय ठेवला आहे. ‘यातील काहीही लागू नाही’ याहून तो अगदी वेगळा. पहिल्यात काहीही घडू शकते. दुसऱ्यात या चार गोष्टी नसल्याची हमी असते. हा फरक न कळल्याने नवखे वाचक फसतात.

जोडीची खूण

दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमसंबंध, ‘अँड’चे चिन्ह असेल तर मैत्री वा कौटुंबिक नाते, असा संकेत आहे. एका वाक्यापुरत्या डोकावणाऱ्या जोडीचा टॅग लावणे शिष्टाचाराला धरून नाही. ती जोडी शोधत आलेल्या वाचकाचा विरस होतो. टॅगांची खैरात करणेही तसेच. एका कथेला हजारांहून अधिक टॅग लागल्याने यादी चाळणे कठीण झाले, आणि २०२१ मध्ये या संग्रहाने कथेमागे ७५ टॅगांची मर्यादा घातली.

आवडीनिवडीचा मान

एकच टॅग दोन कामे करतो. ‘मृत्यू’ हा शब्द पाहून एखादा वाचक मुद्दाम कथा उघडतो, तर नुकताच घरातले माणूस गमावलेला दुसरा ती गाळून पुढे जातो. दोघांचीही निवड रास्त आहे. वेगवेगळ्या शब्दांतील समानार्थी टॅग जोडण्याचे काम स्वयंसेवक करतात. कथेच्या गुणदोषांशी त्यांचा संबंध नसतो.

जबाबदारी वाचकावरही येते. ‘डेड डव्ह : डू नॉट ईट’ हा टॅग ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या मालिकेतील विनोदावरून आला. पिशवीवर ‘मेलेले कबूतर’ असे लिहिलेले असते आणि उघडल्यावर आत तेच निघते. टॅगमध्ये लिहिले आहे तेच कथेत मिळेल, हा त्याचा अर्थ. ते वाचूनही कथा उघडली, तर लेखकाला बोल लावता येत नाही. लेखकाने प्रामाणिकपणे सांगावे आणि वाचकाने ते आधी वाचावे, एवढ्यावरच हा करार उभा आहे.