गासड्यांच्या बदल्यात कापड

येडगावात कपाशी पिकत नाही. तरीही घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांची मजुरी एका कपाशीच्या सौद्यात कशी अडकली, ते आम्हांस सांगावयाचे आहे.

१९०४ च्या करारान्वये हिंदुस्थानात परक्या देशाच्या मालाला जी जकात, तीच जपानी मालाला होती. साम्राज्य ‘घरचे’, म्हणून मँचेस्टरला सवलत निराळी! पुढे येनचा भाव कोसळला आणि स्वस्त जपानी कापडाचा लोंढा आला. एप्रिल १९३३ मध्ये सरकारने तो करार संपविण्याची नोटीस दिली. जूनमध्ये ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. मुंबईचे मालक खूष झाले. जपानी सूतगिरण्यांनी मात्र आमची रुई घेणेच थांबविले. जपान हे आमच्या रुईचे मोठे गिऱ्हाईक. म्हणजे जकात बसली कापडावर आणि मार पडला कपाशीवाल्या शेतकऱ्यावर.

मग सिमला आणि दिल्ली येथे बैठकी झाल्या. १९३४ च्या आरंभी ठरले ते असे: जपानने वर्षाला १० लाख गासड्या घ्याव्यात, तर त्याचे ३२ कोटी ५० लाख वार कापड येऊ द्यावे, १५ लाख घेतल्या, तर ४० कोटी वार. जकात ५० टक्के. आठवडेबाजारात धान्य देऊन मीठ घ्यावे, तसाच हा व्यवहार! त्याआधी ऑक्टोबर १९३३ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांचे मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर-लीस यांनी आपसांत वेगळाच करार केला होता. तो तर मालकामालकांतलाच. संरक्षण मिळाले ते कापडाला. मजुरीची कपात चालूच राहिली आणि एप्रिल १९३४ मध्ये मुंबईत सार्वत्रिक संप झाला.

१९४७ साली जिनीव्हात २३ देशांनी गॅट करार केला; त्यांत भारत होता. एकाला दिलेली सवलत सर्वांना, हे त्याचे पहिले कलम. पण २४ व्या कलमाने मुक्त व्यापारक्षेत्रांना वाट ठेवली. कापडाला तर त्याच छत्राखाली १९६१ पासून देशादेशांचे कोटे लागले. ते उठले १ जानेवारी २००५ रोजी.

आमच्या मते सर्वांचा नियम दुबळ्याला बरा, कारण दोघांच्या सौद्यात बळकटाचा हात वर असतो. पण जिनीव्हाचा नियमही मजुरी विचारीत नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सही झाली. त्यात कामगारांविषयी एक प्रकरण आहे. संघटनेच्या बैठकीत ते आम्ही मराठीतून वाचावयास घेतले आहे.