सूत्र आणि त्याचे प्रकरण

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी १२७४ च्या सुमारास उत्तरेकडे निघून गेले आणि मागे राहिलेल्या शिष्यांपुढे त्यांच्या वचनांचा प्रश्न उभा राहिला. स्वामी बोलले पुष्कळ होते, पण स्वतः लिहून ठेवलेले काही नव्हते. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातल्या, सराळ्याच्या म्हाइंभटांनी मग ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. आद्य मराठी गद्यग्रंथ म्हणून त्याचे कौतुक नेहमीच होते, पण मला त्याचे मोल दुसरीकडे दिसते. त्यात वचन सुटे येत नाही. ते कुठे, कोणापुढे आणि कशावरून निघाले हे त्याच्यासोबत येते. श्रीरामपूर तालुक्यातल्या डोमेग्रामची लीळा, म्हणजे स्वामींचा तिथला प्रसंग, असेल, तर तिथे हजर असलेली माणसेही तिच्यात असतात. पुढे पंथातल्याच केसोबासांनी ही वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. पाठांतराला ते सोयीचे झाले, मात्र प्रसंग गळून पडला आणि अर्थ लागेना. म्हणून प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ त्याच्या जोडीला आले. ‘दृष्टांतपाठा’त तर सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा उलगडा, केसोबासांचे, अशी हद्दच आखलेली आहे.

हा खटाटोप कशासाठी, ते एका सूत्रावरून कळते. कानड आणि तेलंग देशांत जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, असा चक्रधरांचा आदेश आहे. आज तो मराठी अस्मितेची घोषणा म्हणून मिरवला जातो. पण सांगितला होता तो भटकणाऱ्या विरक्तांना, आणि कारणही वैराग्याचेच होते: त्या देशांत विषयांची रेलचेल आहे आणि संन्याशाला मान मिळतो. कारण आणि श्रोता काढून घेतले की शब्द तेच राहूनही नियम दुसराच होतो.

संगणकाच्या जगात हाच पेच ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकाच्या लिस्प भाषेत उद्भवला. फलनात (फंक्शनमध्ये) एखादे नाव येते, त्याची किंमत कोणती धरायची? फलन जिथे लिहिले तिथली, की जिथून हाक मारली तिथली? ईमॅक्सने बरीच वर्षे दुसरा मार्ग चालवला. ईमॅक्सचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ च्या निबंधात त्याचे समर्थनही केले: वापरणाऱ्याला संपादकाचे वागणे मूळ आज्ञा न बदलता वळवता यावे. युक्तिवाद पोकळ नव्हता. पण दुसऱ्याच कामासाठी ठेवलेले त्याच नावाचे चल (व्हेरिएबल) फलनाच्या आत शिरले की फलन भलतेच काही करू लागे. २०१२ च्या २४ व्या आवृत्तीत पहिल्या मार्गाची सोय झाली. फलनाला आपल्या जन्मस्थळीची नावे बरोबर बाळगता येऊ लागली. अशा फलनालाच क्लोजर म्हणतात. जुनी रीत मोडीत निघाली नाही: मुद्दाम तशी जाहीर केलेली चले अजूनही हाक मारणाऱ्याचेच ऐकतात. कुठे कोणता नियम लागू, हे मार्गदर्शिकेत सांगावे लागते, आणि हे काम ‘प्रकरणवशा’पेक्षा फार वेगळे नाही.

कोणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे. यंत्र निर्विकार असते, पंथाला आपला मान जपायचा असतो, तेव्हा प्रसंग मागाहूनही रचले जातात. आक्षेपात तथ्य आहे. खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गेली, ते आठवणीतून पुन्हा उभारावे लागले आणि पाठ अनेक झाले. मात्र त्या पाठांतले वाद आपल्याला दिसतात ते प्रसंग नोंदलेले आहेत म्हणूनच. दोन पाठांत गाव किंवा माणूस वेगळे निघाले, तर संशोधकाला विचारायला जागा मिळते. सुट्या सूत्रात खोट असली तरी ती पकडायची कशी? प्रसंग देऊन महानुभावांनी आपल्या श्रद्धेचे कागद उलटतपासणीला खुले केले, मग त्यांचा हेतू तो असो वा नसो. वि. भि. कोलत्यांसारख्या ‘लीळाचरित्रा’च्या संपादकाला पाठांची तुलना करता आली, ती याच नोंदींवर.