कानुरीचे उस्ताद

मुसलमान म्हणजे मातृभाषा उर्दूच, असं गृहीत धरणारे भेटले की मला अली ऐसामी आठवतात. स्वतः उर्दू शिकवत असूनही आठवतात. त्यांची भाषा कानुरी. चाड सरोवराजवळच्या बोर्नू राज्यात ते जन्मले. वडील आलिम, त्यामुळे लहानपणी कुरआन शिकायला बसवलेले. पुढे युद्धाच्या धामधुमीत पकडले गेले, गुलाम म्हणून विकले गेले. 1818 मध्ये त्यांना नेणारं जहाज ब्रिटिश आरमाराने अडवलं आणि ते सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला पोहोचले.

1807 मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला होता. अडवलेल्या जहाजांवरची माणसं याच किनाऱ्यावर उतरवली जात. तेम्ने, मेंदे या त्या मुलखातल्या भाषा. त्यांच्यात योरुबा, इग्बो, हौसा अशा कितीतरी येऊन मिसळल्या. एकमेकांशी बोलायला क्रिओ, इंग्रजीच्या पायावर उभी राहिलेली बोली.

1847 च्या अखेरीस सिगिसमुंड कोएले हा जर्मन मिशनरी तिथे आला. दोनशेच्या आसपास माणसांना समोर बसवून तो तेच शब्द विचारत गेला. त्यातून 1854 मध्ये ‘पॉलिग्लोटा आफ्रिकाना’ निघालं: शंभराहून अधिक भाषा, प्रत्येकीतले जवळपास तीनशे शब्द आणि वाक्प्रयोग.

पण शब्द गोळा केले म्हणजे भाषा आली असं नाही. शब्दार्थ घडाघडा म्हणणारं पोरगं शेजारच्याकडे पेन्सिल मागताना अडतं, हे कुठल्याही भाषाशिक्षकाला विचारा! कानुरीसाठी कोएले अलींपुढे बसला, तोही दीर्घकाळ. तो तिशीच्या आसपास, हे साठीच्या घरातले. अलींनी म्हणी सांगितल्या, गोष्टी सांगितल्या, बोर्नूचा इतिहास सांगितला. मायमुलूख सुटून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, तरी हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. व्याकरणाची पुस्तकं चाळताना मी अशा माणसांचा विचार क्वचितच केला होता.

याच कोएलेने 1889 मध्ये पैगंबर साहेबांवर (स.) कडवट पुस्तक लिहिलं. ते मला खटकतं आणि खटकत राहील. म्हणून त्याचं कानुरीचं काम मी बाजूला सारत नाही, कारण त्यातला निम्मा वाटा तरी अलींचा आहे. कानुरी कथा-म्हणींच्या त्याच्या 1854 च्या संग्रहावर नाव कोएलेचं. आत मात्र अलींच्या पकडले जाण्याची, विकले जाण्याची, सुटकेची कहाणी त्यांच्याच कानुरीत छापलेली आहे.